ताराबाई मोडक : बोर्डीच्या अंगणात बालवाडी मांडणाऱ्या बाई

मृग लागतो, पहिल्या सरी पडतात, घराघरात बियाण्याची आणि राबाची धावपळ सुरू होते. त्याच दिवसांत गावातल्या बालवाडीचं कुलूपही उघडतं. खोली महिना-दीड महिना बंद होती. कोपऱ्यात जाळी झालेली, भिंतीला ओल आलेली, खिडकीच्या फळीवर पालींची घाण. ट्रंकेत कोंबलेली खेळणी, त्यातली निम्मी मोडकी. ताई पदर खोचतात, केर काढतात, फरशी धुतात, दारावर पताका लावतात, फळ्यावर रंगीत खडूनं सुस्वागतम लिहितात. झालं, नव्या वर्षासाठी खोली तयार.

पण तीन वर्षांचं पोर त्या खोलीत शिरतं तेव्हा त्याला काय दिसतं? पताका त्याच्या डोक्याच्या पार वर. भिंतीवरची चित्रं मोठ्या माणसाच्या नजरेला लागतील अशी. दप्तर अडकवायची खुंटी हाताला येत नाही. खेळण्यांच्या ट्रंकेला पुन्हा कुलूप, कारण काही मोडलं तर रजिस्टरला काय लिहायचं! खोली सजली खरी, पण ती पोरासाठी नाही, पाहुण्यांसाठी.

हा प्रश्न घेऊन एक बाई १९४५ साली आपल्या डहाणू तालुक्यात आल्या आणि मरेपर्यंत त्याचं उत्तर शोधत राहिल्या. त्यांचं नाव ताराबाई मोडक. त्यांचा फोटो पुष्कळ बालवाड्यांत लावलेला असतो, नाव सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्यांनी नेमकं केलं काय, हे विचारलं तर बरेच जण अडखळतात. शाळा उघडायच्या या दिवसांत त्यांची गोष्ट एकदा नीट सांगायला हवी.

मुंबईची मुलगी, अमरावतीची सून

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा, मुंबईतला. माहेरचं आडनाव केळकर. वडील सदाशिवराव प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते. मुलींनी शिकावं, मोकळेपणी बोलावं, जातपात मानू नये, असं वातावरण घरातच होतं. त्या काळात चार यत्ता शिकलेली मुलगीही गावाला नवलाची वाटायची. ताराबाई मात्र १९१४ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या बी.ए. झाल्या.

पुढे अमरावतीचे वकील कृष्णराव मोडक यांच्याशी त्यांचं लग्न झालं. मुलगी झाली, तिचं नाव प्रभा. पण संसार टिकला नाही. १९२१ च्या सुमारास त्या नवऱ्यापासून वेगळ्या झाल्या. आज हे वाक्य आपण सहज वाचून जातो. शंभर वर्षांपूर्वी मात्र नवरा सोडून, लहान मुलीला घेऊन, स्वतःच्या कमाईवर उभं राहायचं म्हणजे काय असेल, याचा विचार आपापल्या घरातल्या बायकांना विचारून करावा.

ताराबाईंना राजकोटला नोकरी मिळाली. शिक्षिका तयार करणारं बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेज तिथं होतं. त्याच्या प्राचार्यपदी बसणाऱ्या त्या पहिल्या भारतीय बाई. पगार चांगला, मान मोठा, राहायची सोय. कुणीही म्हणालं असतं, बाई आता स्थिर झाली.

भावनगरच्या टेकडीवर

राजकोटपासून काही तासांवर भावनगरला तेव्हा एक वेगळाच उद्योग चालला होता. गिजुभाई बधेका नावाचे एक वकील वकिली सोडून मुलांत रमले होते. स्वतःच्या मुलाला कसं शिकवावं या विचारात असताना त्यांच्या हाती इटलीच्या मारिया माँटेसरी यांचं लिखाण आलं आणि त्यांचा सगळा रस्ताच बदलला. १९२० मध्ये त्यांनी दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केलं. गुजरातेत लोक प्रेमानं त्यांना मिशीवाली आई म्हणत.

ताराबाईंनी ते काम पाहिलं आणि १९२३ मध्ये राजकोटची नोकरी सोडून त्या भावनगरला गेल्या. प्रभा तेव्हा बालमंदिरात बसायच्याच वयाची. म्हणजे लहान मुलाला कसं वाढवावं हा प्रश्न त्यांना पुस्तकात शोधावा लागला नाही, तो त्यांच्या घरातच होता. भावनगरला त्या नऊ वर्षं राहिल्या. गुजराती शिकल्या, गुजरातीत लिहू लागल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. शिक्षणपत्रिका निघू लागली. गिजुभाई आणि ताराबाई ही जोडी गावोगाव जाऊन आईबापांना एकच गोष्ट सांगत होती. मुलाला मारू नका, भीती घालू नका, त्याच्या हाताला काम द्या.

माँटेसरी म्हणजे नक्की काय?

इथं थोडं थांबू. कारण आता तालुक्याच्या गावातही माँटेसरी अशी पाटी दिसते आणि आत पाहिलं तर बाक, फळा, गृहपाठ, तीन वर्षांच्या पोराकडून एबीसीडीची घोकंपट्टी. माँटेसरी हे नाव कुणा एकाच्या मालकीचं नाही, ते कोणीही पाटीवर लिहू शकतं. म्हणून मूळ गोष्ट माहीत असलेली बरी.

मारिया माँटेसरी या इटलीतल्या डॉक्टर. ६ जानेवारी १९०७ रोजी रोम शहरातल्या सान लोरेंझो या मजुरांच्या वस्तीत त्यांनी पहिलं बालगृह उघडलं. आईबाप दिवसभर कामावर, पोरं जिन्यात आणि गल्लीत मोकाट, भिंती खराब करतात, अशी घरमालकांची तक्रार. त्या पोरांसाठी ही खोली होती. म्हणजे माँटेसरी शिक्षण निघालं ते गरिबाच्या पोरांसाठी, हे ध्यानात ठेवा.

त्या खोलीतला एक प्रसंग फार प्रसिद्ध आहे. मुलांचं साहित्य कपाटात कुलूपबंद असायचं. बाई यायच्या, कपाट उघडायच्या, वस्तू वाटायच्या. एकदा कुलूप लावायचं राहिलं आणि बाईंना यायला उशीर झाला. आल्या तर काय, मुलांनी आपापल्या आवडीची वस्तू काढून घेतलेली आणि कामाला लागलेली. बाईंना वाटलं, ही चोरी झाली, शिक्षा करावी. माँटेसरींना मात्र वेगळं दिसलं. मुलांना वस्तू ओळखीच्या झाल्यात, त्यांना निवडता येतं. तेव्हापासून उंच कपाट गेलं आणि मुलाच्या हाताला येईल अशी उघडी, बुटकी फळी आली.

माँटेसरी खोलीचं मर्म या एका फळीत आहे. त्यावर प्रत्येक वस्तू एकच. जागा ठरलेली. घ्यायची, चटईवर बसून तिच्याशी काम करायचं, जागेवर ठेवायची. दुसऱ्याला तीच हवी असेल तर त्यानं थांबायचं. बाईंनी न ओरडता शिस्त येते ती अशी. वस्तूही अशा की चूक मुलाला स्वतःच कळावी. एक सेंटीमीटरपासून दहा सेंटीमीटरपर्यंत वाढत जाणारे दहा लाकडी ठोकळे असतात. मोठ्यावर लहान असा मनोरा रचायचा. मध्ये गडबड झाली तर मनोरा स्वतःच सांगतो, बाईंनी चूक काढायची गरज नाही. अक्षरं काचकागदाची, म्हणजे सुतार लाकूड घासायला वापरतो त्या पॉलिशपेपरची. मूल त्यावरून बोट फिरवतं आणि पेन्सिल हाती येण्याआधीच अक्षराचं वळण बोटांत उतरतं.

भावनगरला गिजुभाई आणि ताराबाईंनी ही पद्धत जशीच्या तशी उचलली नाही. माँटेसरींना परीकथांचं फारसं कौतुक नव्हतं. आपल्याकडं आजीच्या गोष्टीशिवाय मूल झोपत नाही. म्हणून बालमंदिरात गोष्टी आल्या, नाटक आलं, गाणी आली. दुसऱ्याचं चांगलं घ्यायचं पण आपल्या अंगाला बसेल असं बेतून घ्यायचं, ही सवय ताराबाईंना तिथं लागली. पुढे डहाणू तालुक्यात तीच कामी आली.

दादरची शाळा आणि मनातली खोच

१९३२ मध्ये ताराबाई मुंबईला परतल्या. १९३३ पासून शिक्षणपत्रिका मराठीत निघू लागली. १९३६ मध्ये दादरला शिशुविहार उभं राहिलं. मुलांची शाळा आणि शिक्षिका तयार करण्याचं काम अशी दोन्ही बाजूंनी घडी बसली. १९३९ च्या जूनमध्ये गिजुभाई वारले. त्याच वर्षी मारिया माँटेसरी स्वतः भारतात आल्या, मद्रासच्या अड्यारला राहिल्या, महायुद्धामुळे इथंच अडकल्या आणि शेकडो शिक्षकांना शिकवून गेल्या. देशभर माँटेसरीचं नाव झालं.

पण नाव झालं ते शहरांत. साहित्य महाग, पॉलिश केलेल्या लाकडाचं. खोली मोठी, फर्निचर वेगळं, फी त्या मानानं. रोमच्या मजूरवस्तीत निघालेली गोष्ट हिंदुस्थानात पैसेवाल्यांच्या पोरांची झाली. गांधीजींनी १९३१ मध्येच लंडनला माँटेसरींच्या कार्यक्रमात खेड्यातल्या गरीब मुलांचा विषय काढला होता. ताराबाईंच्या मनातही हीच खोच होती. शिशुविहार नावाजलेलं होतं, पण तिथं येणारी पोरं कुणाची? आणि देशातली बाकीची पोरं कुठं?

त्रेपन्नाव्या वर्षी बोर्डी

१९४५ च्या डिसेंबरात ताराबाई बोर्डीला आल्या. वय त्रेपन्न. या वयात माणूस आयतं झालेलं सांभाळतो. त्यांनी शहरातलं चालतं काम दुसऱ्यांच्या हाती देऊन समुद्रकाठच्या या गावी नवा डाव मांडला. बोर्डीत आचार्य भिसे आणि चित्रे गुरुजी यांचं शिक्षणाचं काम आधीपासून चालू होतं, त्यामुळे गावाला शाळेची ओळख होती. ताराबाईंनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. सोबतीला पस्तिशीच्या अनुताई वाघ. लहानपणी लग्न होऊन सहा महिन्यांत विधवा झालेल्या, हिकमतीनं शिकून शिक्षिका झालेल्या. ही दोघींची जोडी पुढे शेवटपर्यंत टिकली.

आता खोली मांडायची वेळ आली. दादरचं साहित्य इथं आणायला पैसा नव्हता, आणि आणलं असतं तरी पुढे गावोगावच्या बालवाड्यांनी ते कुठून घ्यायचं? म्हणून बाईंनी उलट्या बाजूनं सुरुवात केली. लाकडी संच लहान-मोठं ओळखायला शिकवतो, मग तेच आणखी कशानं शिकता येईल? समुद्रावर शंखशिंपले होते. वाटेवर दगडगोटे होते. झाडांची पानं, फुलं, काड्या, बिया, माती, सगळं होतं. शिंपले आकारानं लावता येतात, पानं रंगानं, काड्या लांबीनं. हाताला गुळगुळीत आणि खरखरीत कळायला नदीचा गोटा आणि झाडाची साल पुरते. खर्च शून्याजवळ आला, पण कामातली शिस्त तीच राहिली. वस्तू नीट निवडलेली, स्वच्छ, जागेवर ठेवलेली.

आणखी एक मोठी गोष्ट इथं जोडली गेली, ती स्वच्छता. शहरातलं पोर घरून न्हाऊन, भांग पाडून येतं. बोर्डीच्या बालवाडीत दिवसाची सुरुवातच हातपाय धुणं, नखं कापणं, केस विंचरणं, कुणाला खरूज झाली का, डोळे आले का हे पाहणं, यानं होई. बालवाडीच्या सामानात फणी, साबण, पाण्याची घागर यांना लाकडी ठोकळ्यांइतकाच मान मिळाला.

तरीही एक अडचण राहिली. गावातली पोरं आली, दलित वस्तीतली येईनात. कारणं खेड्यात राहणाऱ्याला वेगळी सांगायला नकोत. गरिबी होती, संकोच होता, आणि जातीची रेघ प्रत्येकाला दिसत होती. दुसरं कोणी असतं तर वस्तीत दोन चकरा मारून म्हणालं असतं, यांनाच शिक्षणाची आवड नाही. ताराबाई आणि अनुताईंनी टोपलीत साहित्य भरलं आणि वस्तीत गेल्या. तिथल्याच अंगणात चटई टाकली आणि दोन तास बालवाडी भरवली. पोरं घरच्या दारात, आई डोळ्यासमोर. भीती कुणाची वाटणार? अंगणातली बालवाडी ती ही. आज गावोगाव आपण अंगणवाडी म्हणतो तेव्हा जीभ त्याच अंगणाची आठवण काढत असते.

याच काळात, १९४६ ते १९५१, ताराबाई मुंबई विधानसभेच्या सदस्यही होत्या. १९४९ मध्ये इटलीतल्या आंतरराष्ट्रीय माँटेसरी परिषदेला भारताच्या प्रतिनिधी म्हणून गेल्या. पण विधानसभा झाली, परदेश झाला, तरी बाई परत याच किनाऱ्यावर आल्या.

कोसबाडची टेकडी

१९५७ मध्ये केंद्र बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेलं. ताराबाई पासष्ट वर्षांच्या. आता समोर होती वारली पाड्यांवरची मुलं. इथं तर सगळीच गणितं वेगळी. मोठं पोर शाळेत आलं तर धाकट्याला कोण सांभाळणार? आईबाप तर शेतावर, नाहीतर मजुरीला. म्हणून धाकट्याला कडेवर घेतलेली बहीण शाळेबाहेरच राहायची.

यावर उत्तर निघालं ते विकासवाडी. एकाच जागी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा. तान्हं पाळण्यात, मधलं बालवाडीत, मोठी बहीण वर्गात. एका बहिणीची शाळा सुटू नये म्हणून सगळ्या घराचीच सोय केली. आणि जी पोरं गुरं घेऊन रानात जात, त्यांच्यासाठी कुरणशाळा. गुरं चरतात तिथं झाडाखाली शाळा. मुलानं शाळेत यायचं की शाळेनं मुलाकडं जायचं, हा सवाल बाईंनी बोर्डीच्या अंगणातच सोडवला होता. कोसबाडला फक्त अंगण मोठं झालं.

१९६२ मध्ये भारत सरकारनं ताराबाईंना पद्मभूषण दिला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या वारल्या. योगायोग असा की ३१ ऑगस्ट हीच मारिया माँटेसरींच्या जन्माची तारीख. पुढे दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला देशात एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी गावागावात पोचली. अनुताईंनी टेकडीवरचं काम १९९२ पर्यंत, म्हणजे आपल्या शेवटापर्यंत, सांभाळलं. त्या वेळी हा भाग ठाणे जिल्ह्यात होता, २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे.

यंदा खोली लावताना

बाईंच्या आयुष्यातून आपल्या ताईंना या जूनमध्ये काय घेता येईल? पैसे न लागणाऱ्या काही गोष्टी सांगतो. यातलं बरंचसं माँटेसरी खोलीत जगभर करतात, आणि बोर्डीच्या वाटेनं ते आपल्या गावातही जमतं.

पहिलं काम, खोलीच्या मधोमध जमिनीवर बसा. तीन वर्षांचं मूल साधारण तीन फुटांचं असतं. बसल्यावर तुमची नजर जवळपास त्याच्या नजरेच्या उंचीला येते. तिथून जे दिसत नाही ते मुलाला दिसणार नाही. चित्रं खाली आणा, थोडीच लावा. खुंट्या त्याच्या खांद्याच्या उंचीला ठोका. प्रत्येक खुंटीवर एक चित्र काढा, एकाला मासा, एकाला ताडाचं झाड, एकाला बैल. नाव वाचता येत नसलं तरी आपली खुंटी कळते.

दुसरं, पाऊस डोक्यावर आहे. कौलं कुठं गळतात ते आधी पाहा आणि ती जागा सोडून बैठक मांडा. गुंडाळून ठेवलेल्या सतरंज्या आणि चटया बाहेर नेऊन, काठीनं झटकून, उन्हात टाकूनच आत आणा. बंद खोलीतल्या गुंडाळीत विंचू बसतो, हे आपल्याकडं नवीन नाही. पाण्याचा माठ धुऊन झाकणासह ठेवा आणि मुलाला पेलेल असा छोटा गडू आणि ओगराळं जवळ असू द्या. स्वतःच्या हातानं पाणी घेणं हा मुलाचा पहिला धडा.

तिसरं, ट्रंक उघडा. मोडकं, धार आलेलं, अर्धे तुकडे हरवलेलं बाजूला काढा. मोडक्या दहा खेळण्यांपेक्षा धडकी दोन बरी. उरलेलं एका बुटक्या फळीवर मांडा. फळी नसेल तर विटांवर पाट ठेवा, चालतंय. डावीकडून उजवीकडं, सोप्याकडून अवघडाकडं. प्रत्येक कामाचं सामान एका सुपात किंवा छोट्या टोपलीत एकत्र, म्हणजे मुलाला ते उचलून नेता येतं.

चौथं, घरचं काम हाच मुलाचा खेळ. एका वाटीतलं भात दुसऱ्या वाटीत ओतणं, नागली आणि वरी निवडून वेगळी करणं, रुमालाची घडी घालणं, छोट्या केरसुणीनं केर काढणं. याच कामांतून बोटं घट्ट होतात आणि पुढे त्याच बोटांनी पेन्सिल धरायची असते. सुताराकडं पडलेले लाकडाचे तुकडे मागून आणा, घासून गुळगुळीत करा, लहान-मोठे लावायला होतात. मात्र जपून. लाल-काळ्या गुंजा दिसायला सुंदर, पण त्या विषारी असतात, बालवाडीत आणूच नका. चिंचोके, शेंगदाणे, खडे अशा बारीक वस्तू मोठ्या माणसाच्या नजरेखालीच द्या, आणि तीनच्या आतल्या मुलाच्या हाती देऊच नका. नाकात, घशात जायला वेळ लागत नाही.

पाचवं, पहिल्या दिवशी सगळं मांडू नका. पाच-सहा वस्तू पुरेत. त्या कशा घ्यायच्या, कशा ठेवायच्या हे कळलं की एकेक वाढवा. नवीन पोरं एकदम न बोलावता दोन-तीन दिवसांत थोडी थोडी बोलावता आली तर बघा. आईला थोडा वेळ दाराशी बसू द्या. अंगणात बालवाडी नेली तेव्हा पोरं रडली नाहीत याचं कारण आई समोर होती, हे विसरू नका.

आणि सगळ्यात शेवटचं, बोली. पाड्यावरच्या मुलाची घरची भाषा वेगळी. वस्तूचं नाव आधी त्याच्या बोलीत विचारा, मग मराठीत सांगा. त्याचा शब्द चुकीचा आहे असं पहिल्याच दिवशी कळलं तर ते मूल पुढे तोंडच उघडत नाही.

आईबापांसाठी दोन शब्द

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ वर्षं हा शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला आहे. म्हणजे ज्या वयाला आपण अजून लहान आहे म्हणून सोडून देतो, त्याच वयात पाया घातला जातो. त्यामुळे कर्ज काढून चकचकीत पाटीच्या शाळेत घालण्याआधी आपल्याच पाड्यावरची अंगणवाडी एकदा आत जाऊन बघा. फळीवरची वस्तू पोराच्या हाताला येते का, ताई खाली बसून बोलतात का, पाणी कसं आहे, मूल हातानं काही करतंय का, हे पाहा. हे सगळं असेल तर तुमच्या पोराला तालुक्याला धाडायची गरज नाही. नसेल तर ताईंशी भांडू नका. त्यांच्यामागं रजिस्टरं, पोषण आहार, सर्वेक्षण किती असतं ते आपण बघतोच. एक रविवार काढा. कुणी फळी ठोकून द्या, कुणी कौलं शेकारा, कुणी टोपली विणून द्या. वस्तू मोडली तर गावानं भरून देऊ असं ग्रामसभेत सांगा, म्हणजे ट्रंकेचं कुलूप निघेल.

ताराबाई मुंबईहून राजकोट, भावनगर, पुन्हा मुंबई असा लांबचा फेरा करून आपल्या मुलखात आल्या आणि इथंच राहिल्या. कोसबाडच्या टेकडीवर त्यांचं केंद्र आजही आहे. डहाणूकडं जाणं झालं तर ताईंना आणि पोरांना घेऊन एकदा वर जाऊन या.